अभ्यासक्रमांचे खर्चगट कसे पाडावेत?

पुण्यातील एका अनुदानित महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सार्वजनिक उच्च शिक्षणाचा निधी सर्व विद्यार्थ्यांमागे सारखा न देता अभ्यासक्रमाच्या खर्चानुसार द्यायचे ठरले, तर अभ्यासक्रमांचे गट कशावरून पाडावेत, ते किती असावेत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यामागे १ रुपया धरला तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यामागे किती धरावा? विद्यापीठीय वित्त आणि अनुदानाच्या कामात अनेक वर्षे घालवल्यामुळे या प्रश्नाविषयी माझी काही ठाम मते झाली आहेत. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे मत आधी सांगतो. गट पाडताना विद्याशाखेचे किंवा पदवीचे नाव पाहू नये. विषय कोणत्या रीतीने शिकवला जातो, म्हणजे तुकडी किती मोठी, प्रात्यक्षिकाची बॅच किती लहान, उपकरणे आणि कंझ्युमेबल्स (वापरून संपणारे साहित्य) किती लागतात, हे पाहावे. आणि त्यासाठी आज कोठे किती खर्च होतो एवढ्यावरच विसंबू नये, कारण आजचा खर्च हा बहुतांशी कालच्या अनुदानाचा परिणाम असतो.

आपल्याकडे असे गट मुळीच नाहीत, ही समजूत बरोबर नाही. अनुदानित महाविद्यालयात पदे मंजूर होतात ती कार्यभारावरून, म्हणजे आठवड्याला शिकवाव्या लागणाऱ्या तासांवरून. प्रात्यक्षिके असलेल्या विषयाचा कार्यभार जास्त भरतो, म्हणून त्याला पदे जास्त मिळतात आणि वेतन अनुदानही त्याच प्रमाणात वाढते. म्हणजे खर्चगट आहेतच, फक्त ते मंजूर पदांच्या आकृतिबंधात आणि कार्यभाराच्या निकषांत दडलेले आहेत आणि त्यांच्यावर कोणी ‘खर्चगट’ अशी पाटी लावलेली नाही. जे खरोखर नाही ते वेतनेतर बाजूला: रसायने, काचसामान, उपकरणांची दुरुस्ती, वार्षिक देखभाल करार, संगणकांची बदली या गोष्टींसाठी विषयागणिक फरक ओळखणारी सुस्पष्ट पद्धत. त्यामुळे प्रयोगशाळेचे विषय चालवणाऱ्या महाविद्यालयांची ओढाताण पगारात फारशी दिसत नाही. ती काचसामानाच्या कपाटात आणि बंद पडलेल्या उपकरणांत दिसते.

विद्याशाखेवरून गट पाडले तर काय होते, याची उदाहरणे पुण्यातच भरपूर आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत बीएस्सी संगणकशास्त्र विज्ञान शाखेत बसते आणि बीबीए-सीए (संगणक उपयोजन) वाणिज्य व व्यवस्थापन शाखेत बसते; पण दोन्हींना संगणक कक्ष लागतो, दोन्हींची प्रात्यक्षिके बॅचमध्ये होतात आणि दोन्हींकडील यंत्रे काही वर्षांत जुनी होतात. शाखेवरून भारांक, म्हणजे सर्वांत स्वस्त विषयाचा खर्च १ धरून काढलेली पट, लावला, तर एकाला प्रयोगशाळेचा दर मिळेल आणि दुसऱ्याला फळा-खडूचा. भूगोल आणि मानसशास्त्र हे विषय कला शाखेत घेतले, तरी त्यांत प्रात्यक्षिके असतात. उलट गणित विज्ञान शाखेत असले, तरी त्याचा खर्च अर्थशास्त्राच्या जवळ जाणारा आहे. विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवले जाते. तेथे एका गुरूसमोर साठ विद्यार्थी बसवून गाणे शिकवता येत नाही, त्यामुळे प्रतिविद्यार्थी अध्यापन-तास पाहिले तर या विषयांचा खर्च अनेक विज्ञान विषयांहून कमी नसतो. दक्षिण आफ्रिकेने हे ओळखले आहे. तेथील २००४ पासूनच्या निधी-चौकटीत विषयांचे चार गट होते आणि ललित व प्रयोगजीवी कला या शेती, आरोग्यविज्ञान, जीवविज्ञान आणि भौतिक विज्ञान यांच्यासह सर्वांत वरच्या गटात होत्या. पदवीपातळीवर त्या चार गटांचे भारांक १, १.५, २.५ आणि ३.५ असे होते. ‘कला स्वस्त आणि विज्ञान महाग’ या आपल्याकडील सरसकट समजुतीला हे चांगले उत्तर आहे.

आता भारांक कसा निघतो ते पाहू, कारण सगळा वाद येथे आहे. श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत सिद्धान्ताचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. समजा, ६० विद्यार्थ्यांची एक तुकडी आहे आणि सत्र १५ आठवड्यांचे आहे. इतिहासाचा चार श्रेयांकांचा विषय पूर्णपणे सिद्धान्ताचा असेल, तर शिक्षकाचे आठवड्याला ४ तास लागतील. सूक्ष्मजीवशास्त्राच्या चार श्रेयांकांत दोन सिद्धान्ताचे आणि दोन प्रात्यक्षिकाचे असतील, तर सिद्धान्ताचे २ तास आणि प्रत्येक बॅचचे ४ तास लागतील. बॅच २० विद्यार्थ्यांची धरली तर तीन बॅचचे १२ तास, म्हणजे एकूण १४ तास. विद्यार्थी तेवढेच, श्रेयांक तेवढेच, पण शिक्षकांचे तास साडेतीन पट. प्रात्यक्षिकाचा एक तास व्याख्यानाच्या अर्ध्या तासाइतका मोजायचे ठरवले, तर १४ तासांचे ८ होतात आणि गुणोत्तर दोनवर येते. म्हणजे भारांक २ की ३.५ हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या स्वभावाने ठरले नाही. प्रात्यक्षिकाचा तास कसा मोजायचा या एका नियमाने ठरले. कोणतीही समिती भारांकाचा आकडा जाहीर करते, तेव्हा मी आधी हा नियम शोधतो. तो अहवालात लिहिलेला नसेल, तर त्या आकड्यावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ग्रंथालय, कार्यालय, परीक्षा विभाग, इमारतीची निगा, जिमखाना यांचा खर्च विद्यार्थी कोणत्या विषयाचा आहे यावर फारसा अवलंबून नसतो. समजा, इतिहासाच्या विद्यार्थ्यामागील १०० रुपयांपैकी ६० रुपये अध्यापनाचे आणि ४० रुपये या सामायिक सेवांचे आहेत. मग अध्यापनाचा भारांक २ असला, तरी एकूण भारांक १.६ येतो, आणि अध्यापनाचा ३.५ असला तर एकूण २.५ येतो. त्यात कंझ्युमेबल्स आणि उपकरणांचा घसारा मिळवला की आकडा थोडा वर सरकतो. इंग्लंडच्या निधी परिषदेने १९९८-९९ मध्ये चार गट केले, तेव्हा वैद्यकीय गटाला ४.५, प्रयोगशाळेच्या गटाला २, काही प्रमाणात प्रात्यक्षिके असणाऱ्या गटाला १.५ आणि वर्गातील विषयांना १ असे भारांक दिले होते; २००४-०५ पासून ते ४, १.७, १.३ आणि १ असे झाले. आपल्या साध्या मांडणीतून आलेला १.६ हा आकडा त्यांच्या प्रयोगशाळेच्या गटाशेजारी बसतो. त्यांचे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे आणावेत असे मी सुचवत नाही, कारण त्यांची वेतनरचना आणि तुकडीचा आकार वेगळा आहे. पण आपला आकडा ५ किंवा ६ येऊ लागला तर हिशेबात कोठेतरी पाणी मुरते आहे, एवढे ओळखायला त्यांचा उपयोग होतो.

प्रत्यक्ष खर्चाच्या नोंदींवरून भारांक काढताना तीन ठिकाणी फसगत होते. पहिली पगाराची. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे आणि प्राध्यापकाचे १,४४,२०० रुपये, म्हणजे जवळपास अडीच पट. ज्या मराठी विभागात सर्व शिक्षक ज्येष्ठ आहेत तो विभाग महाग दिसतो, आणि ज्या रसायनशास्त्र विभागात निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या राहून तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर काम चालू आहे तो स्वस्त दिसतो. नोंदीतला हा फरक विषयाचा नसून भरतीच्या इतिहासाचा आहे. म्हणून प्रत्यक्ष पगार न घेता एकच प्रमाणित वेतन धरावे आणि त्याला तासांनी गुणावे. मंजूर पदांऐवजी लागणारे तास मोजावेत. रिक्त पद म्हणजे काटकसर नव्हे.

दुसरी फसगत उपकरणांची. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, ज्यांची किंमत कधीच शून्यावर आली आहे, अशी सूक्ष्मदर्शके आजही अनेक प्रयोगशाळांत रोज वापरली जातात. आणि राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानासारख्या योजनेतून आलेले उपकरण महाविद्यालयाच्या नेहमीच्या आवर्ती खर्चात दिसतच नाही. दोन्हींमुळे विज्ञान विषयांचा खरा खर्च कमी दिसतो. यावर उपाय असा की प्रत्येक विषयासाठी आवश्यक उपकरणांची यादी करून त्यांची आजची बदली-किंमत आयुष्याच्या वर्षांनी भागावी. १२ लाखांचे उपकरण ८ वर्षे टिकत असेल, तर वर्षाला दीड लाख. ते १२० विद्यार्थी वापरत असतील, तर प्रत्येकी १,२५० रुपये, आणि देखभालीचा करार त्याशिवाय. हा हिशेब करायला लेखापालाबरोबर विभागप्रमुखही बसावा लागतो, आणि माझ्या अनुभवात तो बसला की यादी वाढण्याऐवजी बहुधा छाटली जाते.

तिसरी फसगत सर्वांत खोल आहे. गेली वीस-पंचवीस वर्षे पुण्यातील महाविद्यालयांनी संगणक उपयोजन, जैवतंत्रज्ञान, माध्यम अभ्यास असे नवे आणि खर्चिक अभ्यासक्रम मुख्यतः विनाअनुदान तत्त्वावर सुरू केले. अनुदानित बीएस्सी आणि विनाअनुदानित बीएस्सी एकाच इमारतीत, कधी कधी एकाच प्रयोगशाळेत भरतात. अनुदानाच्या कागदांवरून खर्चाचा अभ्यास केला, तर जे अभ्यासक्रम सर्वांत महाग आहेत तेच अभ्यासाबाहेर राहतात. आणि विनाअनुदानित बाजूच्या हिशेबात शिक्षकांना प्रमाणित वेतन मिळत नसेल, तर तेथील आकडाही खरा नसतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता एक चांगला स्रोत मात्र उपलब्ध आहे. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या इस्लामिक अकॅडमी (२००३) आणि पी. ए. इनामदार (२००५) या निकालांनंतर शुल्क ठरवण्याची जी व्यवस्था उभी राहिली, आणि जी महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरणाकडे आली, तीत प्रत्येक संस्थेला आपल्या खर्चाचा तपशील मांडावा लागतो. एवढी सविस्तर खर्चनोंद राज्यात इतरत्र क्वचितच मिळेल. ती संस्थेगणिक आहे, विषयगटागणिक नाही. पण थोड्या कष्टांत तशी मांडता येईल.

विद्यार्थी कोणाचा मोजायचा, हा प्रश्न आपल्याकडे आता अधिक निकडीचा झाला आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार नवी रचना २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही आली आणि बीएच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शाखेतील ओपन इलेक्टिव्ह (मुक्त निवडीचा विषय) घ्यावे लागू लागले. तो विद्यार्थी प्रवेशाने कला शाखेचा आहे, पण त्याचे काही श्रेयांक विज्ञान विभाग शिकवतो. पदवीच्या नावावर निधी दिला, तर शिकवणाऱ्या विभागाला काहीच मिळत नाही आणि तो विभाग बाहेरच्या विद्यार्थ्यांना जागा देण्यास नाखूश होतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये यासाठी विद्यार्थी न मोजता शिकवलेले क्रेडिट-तास मोजतात, आणि त्यांना विषय व पातळी यांनुसार भारांक लावतात. पदवीच्या खालच्या वर्षांतील मानव्य विषय तेथे १ धरले जातात. उत्तर कॅरोलायनाची पद्धतही क्रेडिट-तासांवरच उभी होती: विषयांचे चार खर्चगट आणि पदवी, पदव्युत्तर व पीएचडी अशा तीन पातळ्या मिळून बारा घरांचा एक तक्ता. आपल्याकडे श्रेयांक आता सर्वत्र नोंदले जात असल्यामुळे ही पद्धत अवघड नाही. विभागाने शिकवलेले श्रेयांक गुणिले विद्यार्थी गुणिले गटाचा भारांक, एवढेच त्याचे सूत्र आहे.

एकाच पदवीतील वर्षेही वेगळी मोजावी लागतात. इंग्लंडमध्ये वैद्यकीय पदवीची रुग्णालयपूर्व वर्षे प्रयोगशाळेच्या गटात मोजतात आणि फक्त रुग्णालयीन वर्षे सर्वांत वरच्या गटात. हे योग्य आहे, कारण रुग्णालयात होणारा खर्च शिक्षण आणि रुग्णसेवा या दोन्हींचा असतो. ससून रुग्णालयाचा किती खर्च बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शिक्षणाचा आणि किती रुग्णांचा, याचे निःसंदिग्ध उत्तर कोणताही लेखापाल देऊ शकणार नाही. शिवाय वैद्यकीय आणि कृषी शिक्षण आपल्या राज्यात वेगळ्या विभागांकडे आहे. म्हणून उच्च व तंत्रशिक्षणाची गटरचना करताना वैद्यकीय शिक्षण तिच्यात ओढू नये. तो एक आकडा इतका मोठा असतो की त्याच्या शेजारी बाकी सर्व फरक किरकोळ वाटू लागतात.

गट किती असावेत? चार, फार तर पाच. गट कमी असले की सीमेवरच्या विषयावर अन्याय होतो. गट वाढवले की प्रत्येक अभ्यास मंडळ आपला विषय एक पायरी वर नेण्यासाठी अर्ज करते आणि अभ्यासक्रमाच्या नावात ‘उपयोजित’ किंवा ‘तंत्रज्ञान’ हे शब्द शिरू लागतात. इंग्लंडमध्ये १९९८ पूर्वी अकरा विषयवर्ग होते, ते चारवर आणले गेले. पुढे त्यांतील तिसऱ्या गटाचे तुकडे होत गेले. ऑस्ट्रेलियाने १९९० मध्ये पाच गट केले होते आणि त्यांचे भारांक १ ते २.७ होते, नंतर गट वाढले आणि २०२१ मध्ये पुन्हा चारवर आले. माझी शिफारस चार गटांची आहे: केवळ वर्गातील विषय; अंशतः प्रात्यक्षिक किंवा संगणकाधारित विषय; पूर्ण प्रयोगशाळेचे किंवा कार्यशाळेचे विषय; आणि ज्यांत जवळजवळ व्यक्तिगत शिक्षण किंवा भारी यंत्रसामग्री लागते असे विषय. गट विषयाच्या संकेतांकाला जोडावा, अभ्यासक्रमाच्या शीर्षकाला नव्हे, आणि तो बदलण्याचा अधिकार निधी वाटणाऱ्या किंवा घेणाऱ्या कोणाकडेही नसावा.

लहान विषयांबद्दल मला विशेष काळजी वाटते. पाली, प्राकृत, पुरालेखविद्या, जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास हे पुण्याचे वैभव आहे. या विषयांच्या वर्गात आठ-दहा विद्यार्थी असतात, त्यामुळे प्रतिविद्यार्थी खर्च काढला की ते अभियांत्रिकीच्या पंक्तीत जाऊन बसतात. परंतु त्यांची शिकवण्याची रीत महाग नाही, त्यांची संख्या लहान आहे. त्यांना वरच्या गटात टाकले, तर मोठ्या संख्येच्या महाविद्यालयात त्याच विषयाला नको तेवढा पैसा जाईल, आणि खालच्या गटात ठेवले तर विभागच बंद पडेल. अशा विषयांसाठी विद्यार्थिसंख्येशी न जोडलेली ठरावीक रक्कम वेगळी ठेवावी. इंग्लंडने २००५ पासून महत्त्वाच्या पण धोक्यात आलेल्या विषयांसाठी असा स्वतंत्र विचार केला होता. ग्रामीण भागातील लहान महाविद्यालयांनाही हेच लागू आहे: अहिल्यानगर किंवा नाशिक जिल्ह्यातील एखाद्या तालुक्यात बीएस्सीच्या वर्गात पंचवीस मुले असतील, तर तेथील महागाई ठिकाणाची आहे, विषयाची नाही.

शुल्काचा प्रश्न यापासून निराळा ठेवावा. विषय महाग आहे म्हणून विद्यार्थ्याने जास्त भरावे, हे खर्चगटातून आपोआप निष्पन्न होत नाही. न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने १९९३ मध्ये विद्यापीठांनी आवर्ती खर्चाच्या १५ टक्के आणि पुढे दहा वर्षांत २५ टक्के रक्कम स्वतः उभारावी असे सुचवले, तेव्हापासून आपल्याकडे खर्चाचा विषय निघाला की चर्चा शुल्काकडे वळते आणि महाविद्यालये सावध होतात. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये गट आणि शुल्क दोन्ही एकदम हलवले: मानव्य विषयांचे विद्यार्थी-योगदान १४,५०० डॉलरवर नेले, शेती आणि गणिताचे ३,९५० वर आणले, आणि अभियांत्रिकी व विज्ञानासाठी विद्यापीठाला प्रतिविद्यार्थी मिळणारी एकूण रक्कम मात्र कमी झाली. ज्या विषयांकडे विद्यार्थी वळावेत अशी सरकारची इच्छा होती, त्यांतील काही विषय शिकवणे विद्यापीठांना आतबट्ट्याचे झाले. खर्च किती येतो, सरकारला कोणता विषय वाढवायचा आहे आणि विद्यार्थ्याने किती भरावे, या तीन निर्णयांसाठी तीन वेगळे आकडे असावेत. सरकारला एखाद्या विषयाला प्रोत्साहन द्यायचेच असेल, तर त्याने ते स्वतंत्र शीर्षाखाली उघडपणे द्यावे; भारांकात मिसळू नये.

महाराष्ट्रात सुरुवात कोठून करावी, याविषयी माझे मत स्पष्ट आहे: वेतनेतर अनुदानापासून. वेतनाची बाजू पदांनी बांधलेली आहे, तिला हात लावला की शिक्षकांच्या समायोजनाचा, म्हणजे अतिरिक्त ठरलेल्यांना इतरत्र सामावून घेण्याचा, प्रश्न उभा राहतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. वेतनेतर रक्कम त्या मानाने लहान आहे, पण तिच्यात गटांचे भारांक लावले तर प्रयोगशाळांना लगेच फरक जाणवेल आणि पद्धतीची परीक्षाही होईल. पहिली तीन वर्षे कोणत्याही महाविद्यालयाची रक्कम आधीपेक्षा कमी होणार नाही अशी हमी द्यावी, भारांक पाच वर्षांसाठी स्थिर ठेवावेत, आणि प्रत्येक फेरआढाव्यात खर्चाचा अभ्यास काही निवडक महाविद्यालयांत नव्याने करावा, ज्यांत शहरी, ग्रामीण, स्वायत्त आणि संलग्न असे सर्व प्रकार असतील.

तुमच्या महाविद्यालयापुरते सांगायचे, तर शासन-निर्णयाची वाट न पाहता या सत्रापासून तीन नोंदी ठेवता येतील: प्रत्येक विषयाच्या प्रात्यक्षिक बॅचची प्रत्यक्ष संख्या आणि आकार, प्रत्येक विभागाने दुसऱ्या विभागाच्या विद्यार्थ्यांना शिकवलेले श्रेयांक, आणि प्रयोगशाळेनुसार वेगळी केलेली कंझ्युमेबल्सची खरेदी. बॅचच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्या. ६० विद्यार्थ्यांच्या तीन बॅच होतात, ६६ झाले की नियमाने चार व्हाव्यात आणि आठवड्याचे १४ तास १८ वर जावेत. पण बहुतेक ठिकाणी तीनच बॅच ठेवून प्रत्येकीत बावीस मुले बसवली जातात, आणि मग खर्चाच्या अभ्यासात तो विषय प्रत्यक्षाहून स्वस्त दिसतो.